रास्पबेरी पायवर कॅन आणि घड्याळाचा ॲड-ऑन बोर्ड चालू करताना: तपासणी खालून वर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रास्पबेरी पाय ४ वर तुम्ही कॅन बस (गाड्यांतील उपकरणे एकमेकांशी बोलतात ती तारांची जोडणी) आणि रिअल टाइम क्लॉक (वीज गेल्यावरही वेळ राखणारे घड्याळ) या दोन सोयी असलेला ॲड-ऑन बोर्ड बसवला, उत्पादकाने दिलेली इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवली आणि रीबूट केले. आयटूसी (दोन तारांवर चिपा जोडण्याची) बसच्या तक्त्यात घड्याळाच्या जागी कधी ६८ हा आकडा दिसतो, तर कधी ‘यूयू’ ही अक्षरे, आणि तेव्हा घड्याळ सापडत नाही असे तुम्ही म्हणता. ‘कॅन०’ हा इंटरफेस सुरुवातीला दिसतच नव्हता. कॉन्फिगरेशनमधल्या ओळी वरखाली केल्यावर तो दिसू लागला, पण काही फ्रेम (कॅनचे संदेश) पाठवल्या की बफरमध्ये जागा शिल्लक नसल्याची चूक येते. बोर्ड बदलून घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे.

एवढ्या लक्षणांवरून बोर्डाला दोष देता येत नाही. मला यात तीन स्वतंत्र गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, आणि त्यांतली एक तर बिघाड नसून यशाची खूण आहे. त्या वेगळ्या करायच्या असतील तर तपासणी खालून वर करत जावी लागते: आधी वीज आणि जोडणी, मग बस, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि ड्रायव्हर, आणि सगळ्यात शेवटी तुमचा प्रोग्राम. प्रत्येक पायरीला तिचा स्वतःचा पुरावा असतो, आणि तो हाती आल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावायचा नाही. बहुतेक जण पायथॉनच्या प्रोग्रामपासून सुरुवात करून खाली उतरतात, एका वेळी तीन ठिकाणी बदल करतात, आणि मग नेमक्या कशामुळे काय झाले हे त्यांना सांगता येत नाही.

सर्वप्रथम एक मूलभूत गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. यूएसबीचे उपकरण जोडले की ते आपला उत्पादक क्रमांक आणि उत्पादन क्रमांक स्वतःहून सांगते आणि लिनक्स त्यावरून ड्रायव्हर शोधतो. आयटूसी आणि एसपीआय (चिपा जोडण्याची दुसरी पद्धत) या बसवर अशी कोणतीही सोय नाही. एसपीआयच्या चार तारांवर पलीकडे कॅन कंट्रोलर आहे, डिस्प्ले आहे की काहीच नाही, हे कर्नलला कळण्याचा मार्ग नाही. ते कोणीतरी त्याला लिहून द्यावे लागते. हे लिहून देण्याची जागा म्हणजे डिव्हाइस ट्री. एआरएम प्रोसेसरच्या जगात पूर्वी प्रत्येक बोर्डासाठी ही माहिती कर्नलच्या सी भाषेतील फायलींमध्येच कोरलेली असे. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या पसाऱ्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली आणि त्यानंतर एआरएमचा बहुतेक कोड डिव्हाइस ट्रीकडे वळला. रास्पबेरी पायमध्ये मूळ ट्री बोर्डाच्या मॉडेलनुसार निवडली जाते आणि ॲड-ऑन बोर्डाची माहिती ‘ओव्हरले’ नावाच्या छोट्या तुकड्यांनी तिच्यात जोडली जाते. म्हणून ‘ड्रायव्हर इन्स्टॉल करा’ असे उत्पादक म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासूनच असतो. कमी असते ती फक्त योग्य ओव्हरलेची एक ओळ.

या नियमाला एक अपवाद आहे. २०१४ मध्ये चाळीस पिनांचा हेडर आला तेव्हा त्यासोबत ‘हॅट’ हे प्रमाणही जाहीर झाले. त्यानुसार बोर्डावर एक छोटी ईईप्रॉम (वीज गेल्यावरही माहिती राखणारी मेमरी चिप) असते, ती २७ आणि २८ या पिनांवरील वेगळ्या आयटूसी बसला जोडलेली असते, आणि बूट होताना फर्मवेअर (लिनक्सच्या आधी चालणारा पायचा स्वतःचा प्रोग्राम) ती वाचून योग्य तो ओव्हरले आपोआप लावते. तुमच्या बोर्डावर अशी ईईप्रॉम आहे का, हे ‘प्रॉक’ फाइल सिस्टिममधील ‘डिव्हाइस-ट्री’ या निर्देशिकेत ‘हॅट’ नावाची उपनिर्देशिका आहे का यावरून कळते. असेल तर तिच्यातील ‘प्रॉडक्ट’ आणि ‘व्हेंडर’ या फायलींत बोर्डाचे नाव वाचता येते. बाजारात हॅट म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बोर्डांवर ही ईईप्रॉम नसते, किंवा तिची जागा असते पण चिप बसवलेली नसते. उत्पादकाने स्क्रिप्ट दिली आहे यावरून तुमचाही बोर्ड त्याच प्रकारचा असावा. तसे असेल तर आपोआप काहीही होणार नाही, हे गृहीत धरून पुढे जावे.

आता वीज. पाय बंद करून, पॉवरची केबल काढून, बोर्ड उतरवा आणि चाळीस पिनांचा कनेक्टर बारकाईने पाहा. बोर्ड एक ओळ सरकून बसला असेल तर पाच व्होल्टची पिन भलत्याच ठिकाणी जाते, आणि पायच्या जीपीआयओ (सर्वसाधारण वापराच्या) पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. पाच व्होल्ट त्या सहन करत नाहीत. कनेक्टरचे सोल्डरिंग तुम्ही स्वतः केले असेल तर भिंगातून प्रत्येक सांधा पाहा, विशेषतः ३ आणि ५ या आयटूसीच्या पिना आणि १९, २१, २३ व २४ या एसपीआयच्या पिना. बोर्ड बसवल्यानंतर आणि वीज देण्यापूर्वी मल्टिमीटरने पाच व्होल्ट ते ग्राउंड आणि ३.३ व्होल्ट ते ग्राउंड हे दोन रोध मोजा; शून्याजवळ आले तर तिथेच थांबायचे. स्टँडऑफ लावलेले नसतील तर तेही लावा. केबल ओढली जाऊन बोर्ड जरासा उचलला गेला की घड्याळ ‘कधी सापडते, कधी नाही’ असे वागू लागते, आणि हा दोष कोणत्याही लॉगमध्ये सरळ दिसत नाही.

पॉवर सप्लायचा पुरावा मात्र पाय स्वतः ठेवतो. ‘व्हीसीजेनसीएमडी’ या आज्ञेला ‘गेट थ्रॉटल्ड’ विचारले की एक हेक्स (सोळा पाया असलेला) आकडा मिळतो. तो शून्य असावा. ५०००० आला तर बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज कमी पडले होते आणि प्रोसेसरचा वेग रोखला गेला होता असा त्याचा अर्थ. ५०००५ आला तर ते या क्षणीही चालू आहे. ही मर्यादा साधारण ४.६३ व्होल्टला येते, म्हणजे मोबाइलचा चार्जर आणि लांब, बारीक केबल एवढे तिच्यासाठी पुरेसे असते. बोर्डावर स्वतंत्र वीजपुरवठ्याचे टर्मिनल असेल आणि तो बोर्ड पायलाच हेडरमधून पाच व्होल्ट देत असेल, तर यूएसबी-सीची केबल त्याच वेळी जोडू नका, जोपर्यंत बोर्डावर उलटा प्रवाह रोखणारी रचना असल्याची खात्री नाही.

आणखी एक तपासणी घड्याळासाठी आणि कॅनसाठी सारखीच लागू पडते, आणि सुट्या मॉड्यूलच्या बाबतीत ती मी कधीच वगळत नाही. डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचे जे स्वस्त मॉड्यूल मिळतात, त्यांच्यावर एसडीए आणि एससीएल या आयटूसीच्या तारांना वर ओढून धरणारे पुल-अप रोधक मॉड्यूलच्या व्हीसीसीला (वीजपुरवठ्याच्या पिनला) जोडलेले असतात. मॉड्यूलला पाच व्होल्ट दिले की या दोन्ही तारा पाच व्होल्टला ओढल्या जातात आणि तेच व्होल्टेज पायच्या पिनांवर येते. डीएस३२३१ ला ३.३ व्होल्ट पुरतात, तेव्हा तेच द्यावेत. कॅनच्या मॉड्यूलवर हा प्रश्न अधिक अवघड होतो. एमसीपी२५१५ हा कॅनच्या फ्रेमा हाताळणारा कंट्रोलर २.७ ते ५.५ व्होल्टवर चालतो, पण त्याच्याशेजारी टीजेए१०५० हा कॅनच्या तारांवर सिग्नल पाठवणारा-घेणारा ट्रान्सीव्हर असेल तर त्याला ४.७५ ते ५.२५ व्होल्टच लागतात. दोघांना मिळून एकच व्हीसीसी असलेल्या मॉड्यूलला ३.३ व्होल्ट दिले तर ट्रान्सीव्हर नीट चालत नाही, आणि पाच दिले तर कंट्रोलरची उत्तराची तार पायच्या पिनवर पाच व्होल्ट पाठवते. योग्य उपाय दोनच: कंट्रोलरला ३.३ आणि ट्रान्सीव्हरला ५ असे वेगळे पुरवठे, किंवा मध्ये लेव्हल शिफ्टर (सिग्नलचे व्होल्टेज बदलून देणारी चिप). पायसाठीच बनवलेल्या बोर्डावर ही काळजी सहसा घेतलेली असते, तरीही बोर्डाची सर्किट आकृती उपलब्ध असेल तर एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावी.

आता कॉन्फिगरेशनकडे वळू, कारण तुमच्या ‘आधी दिसत नव्हता, मग दिसू लागला’ या अनुभवाचे उत्तर मला येथे दिसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये रास्पबेरी पाय ओएसची बुकवर्म आवृत्ती आली आणि कॉन्फिग फाइल ‘बूट’ निर्देशिकेतून ‘बूट’मधील ‘फर्मवेअर’ या उपनिर्देशिकेत गेली. जुन्या जागी त्याच नावाची एक फाइल उरली, आणि तिच्यात फाइल हलवल्याची सूचना असते. त्याआधी लिहिलेल्या स्क्रिप्टा निष्ठेने जुन्या जागीच ओळी जोडतात, ‘यशस्वी’ असा संदेश दाखवतात आणि रीबूट करायला सांगतात. फर्मवेअर त्या ओळी कधीच वाचत नाही. तेव्हा दोन्ही जागी फाइल उघडा आणि स्क्रिप्टने नेमके कोठे काय लिहिले ते पाहा.

दुसरा सापळा त्याच फाइलच्या आत आहे. चौकटी कंसांतील शीर्षकांनी तिचे भाग पडतात. ‘सीएम४’ या शीर्षकाखालच्या ओळी फक्त कॉम्प्युट मॉड्यूल ४ वर लागू होतात, ‘पाय५’ खालच्या फक्त पाय ५ वर, आणि ‘ऑल’ खालच्या सगळ्यांवर. तुमची ओळ ‘सीएम४’ च्या खाली जाऊन बसली असेल तर पाय ४ वर ती नसल्यासारखीच आहे. ओळी वरखाली केल्यावर इंटरफेस दिसू लागला, याचे मला सर्वांत सरळ वाटणारे स्पष्टीकरण हेच आहे. आपल्या सर्व ओळी फाइलच्या शेवटी, ‘ऑल’ असे शीर्षक स्वतः लिहून त्याखाली ठेवाव्यात. स्क्रिप्टने लिहिलेल्या दुबार ओळी काढून टाका. एकाच कंट्रोलरसाठी दोन ओव्हरले लावले गेले तर पुढची सगळी निरीक्षणे निरुपयोगी ठरतात.

तुम्हाला लागणाऱ्या ओळी चारच आहेत. पहिली आयटूसी चालू करते, दुसरी एसपीआय चालू करते. तिसरी ‘आयटूसी-आरटीसी’ हा ओव्हरले ‘डीएस३२३१’ या पर्यायासह लावते. चौथी ‘एमसीपी२५१५-कॅन०’ हा ओव्हरले लावते आणि त्याला दोन मूल्ये देते: ऑसिलेटरची (कंट्रोलरला ताल देणाऱ्या क्रिस्टलची) वारंवारता हर्ट्झमध्ये आणि इंटरप्टचा (कंट्रोलर पायचे लक्ष वेधतो त्या तारेचा) जीपीआयओ क्रमांक. प्रत्येक ओव्हरलेचे नेमके नाव, त्याचे पर्याय आणि त्यांची गृहीत मूल्ये ‘ओव्हरलेज’ निर्देशिकेतील ‘रीडमी’ फाइलमध्ये दिलेली आहेत. ती फाइल तुमच्याच कार्डावर, तुमच्याच आवृत्तीशी जुळणारी आहे, आणि इंटरनेटवरील कोणत्याही लेखापेक्षा, माझ्या या उत्तरापेक्षाही, तिच्यावर अधिक विश्वास ठेवावा.

घड्याळाचा प्रश्न आता पटकन सुटतो. ‘आयटूसीडिटेक्ट’ या आज्ञेला बस क्रमांक १ तपासायला सांगितले की ती प्रत्येक पत्त्यावर हाक मारून पाहते आणि उत्तर आलेल्या पत्त्याचा हेक्स आकडा तक्त्यात छापते. ६८ दिसले म्हणजे त्या पत्त्यावर कोणीतरी आहे आणि अजून कोणत्याही कर्नल ड्रायव्हरने त्याचा ताबा घेतलेला नाही. ‘यूयू’ दिसले म्हणजे तो पत्ता ड्रायव्हरच्या ताब्यात आहे, म्हणून आज्ञेने तेथे हाकच मारली नाही. म्हणजे तुम्ही ‘सापडत नाही’ असे ज्याला म्हणता, तो ओव्हरले नीट लागलेला दिवस होता, आणि ६८ दिसले तो ओव्हरले न लागलेला. घड्याळासाठी पायथॉनची एखादी लायब्ररी वापरत असाल तर ‘यूयू’च्या स्थितीत ती ‘उपकरण व्यस्त आहे’ अशी चूक देईल. ती चूक दुरुस्त करायची नसते, लायब्ररी सोडून द्यायची असते, कारण वेळ सांभाळण्याचे काम आता कर्नल करत आहे.

खात्रीसाठी कर्नलचा लॉग पाहा. डीएस३२३१ साठी लॉगमध्ये ‘डीएस१३०७’ हे नाव दिसेल; घाबरू नका, त्या कुटुंबातील अनेक चिपांना तोच ड्रायव्हर सांभाळतो. त्यानंतर नेटवर्कवरून सिस्टिमची वेळ बरोबर झाली की ‘एचडब्ल्यूक्लॉक’ आज्ञेने ती एकदा घड्याळात लिहा आणि लगेच वाचून पाहा. ६८ हाच पत्ता एमपीयू६०५० या मोशन सेन्सरचाही मूळ पत्ता आहे, तेव्हा उद्या तो सेन्सर जोडणार असाल तर त्याची एडी० ही पिन उंच करून त्याला ६९ वर न्यावे लागेल. तक्त्यात सगळेच पत्ते भरलेले दिसले किंवा तपासणी अतिशय संथ चालली, तर एखादी तार ग्राउंडला अडकलेली असण्याची शक्यता मोठी. बस शांत असताना एसडीए आणि एससीएल दोन्हींवर ३.३ व्होल्ट मोजले गेले पाहिजेत.

कॅनची बाजू अधिक खोल आहे, म्हणून तेथे थोडा वेळ देतो. कर्नलच्या लॉगमध्ये ‘एमसीपी२५१एक्स’ हे नाव शोधा. कंट्रोलर यशस्वीपणे सुरू झाल्याचा संदेश असेल, तर चिप सिलेक्टसह (कोणत्या चिपशी बोलायचे ते ठरवणाऱ्या तारेसह) एसपीआयच्या चारही तारा आणि कंट्रोलरची वीज हे सगळे सिद्ध झाले. कंट्रोलर सुरू करता आला नाही, तारा चुकल्या आहेत का, अशा अर्थाचा संदेश असेल तर दोष एसपीआयच्या पातळीवर आहे: एमआयएसओ आणि एमओएसआय या येणाऱ्या आणि जाणाऱ्या माहितीच्या तारांची अदलाबदल, चुकीचा चिप सिलेक्ट, किंवा चिपला वीजच नाही. काहीच संदेश नसेल तर ओव्हरले लागलेलाच नाही. कॉन्फिग फाइलकडे परत जा. ओव्हरले लागल्यावर ‘एसपीआयडेव्ह०.०’ ही डिव्हाइस फाइल नाहीशी होते, हे अनेकांना बिघाडासारखे वाटते. ते तसेच व्हायला हवे, कारण ती चिप सिलेक्टची तार आता कॅनच्या ड्रायव्हरकडे गेलेली असते.

यशस्वी सुरुवातीच्या संदेशाने इंटरप्टची तार मात्र सिद्ध होत नाही, आणि हे फार महत्त्वाचे आहे. फ्रेम आली किंवा गेली की एमसीपी२५१५ आपली इंटरप्टची पिन खाली ओढतो आणि मगच ड्रायव्हर त्याच्याकडे पाहतो. ओव्हरलेचे गृहीत मूल्य जीपीआयओ २५ आहे, म्हणजे हेडरवरील २२ क्रमांकाची पिन. तुमच्या बोर्डावर ती तार दुसरीकडे गेलेली असेल तर इंटरफेस उभा राहील, आज्ञा चूक देणार नाहीत, आणि तरीही एकही फ्रेम दिसणार नाही. येथे जीपीआयओ क्रमांक आणि हेडरवरील पिन क्रमांक यांची गल्लत फार वेळा होते. ओव्हरलेला नेहमी जीपीआयओ क्रमांक द्यायचा असतो.

ही तार तपासण्याचा चांगला मार्ग म्हणजे कंट्रोलरचा अंतर्गत लूपबॅक. ‘आयपी लिंक’ आज्ञेने ‘कॅन०’ खाली घ्या, बिटरेट (दर सेकंदाचे बिट) ५००००० आणि लूपबॅक चालू असे सांगून पुन्हा वर आणा. या स्थितीत फ्रेम बाहेरच्या तारेवर जातच नाही, त्यामुळे ट्रान्सीव्हर, टर्मिनेशन (तारेच्या टोकांचे रोधक) आणि समोरचे उपकरण हे सगळे प्रश्नातून बाहेर पडतात. ‘प्रॉक’मधील ‘इंटरप्ट्स’ फाइलमध्ये ‘एसपीआय०.०’ किंवा ‘एमसीपी२५१एक्स’ची ओळ शोधून तिच्यातील आकडा टिपून घ्या, ‘कॅनसेंड’ने एक फ्रेम पाठवा, आणि आकडा पुन्हा पाहा. आकडा वाढला तर इंटरप्ट पोहोचतो आहे. वाढला नाही तर क्रमांक चुकला आहे किंवा तार तुटली आहे. अशा वेळी बोर्डाची सर्किट आकृती काढून पिनपर्यंत मल्टिमीटरने सांधा तपासावा.

आता ऑसिलेटर. माझ्याकडे येणाऱ्या कॅनच्या तक्रारींत हे कारण इतक्या वेळा निघते की बोर्ड हातात येताच मी आधी क्रिस्टलवरचा आकडा वाचतो. एमसीपी२५१५ शेजारी असलेल्या धातूच्या लंबगोल डबीवर ८.०००, १२.००० किंवा १६.००० असे कोरलेले असते. तोच आकडा ओव्हरलेला हर्ट्झमध्ये द्यायचा. काही दिले नाही तर १६ मेगाहर्ट्झ गृहीत धरले जातात. क्रिस्टल ८ चा असताना ड्रायव्हरला १६ सांगितले, तर ड्रायव्हर १६ धरून विभाजक ठरवतो आणि तारेवरचा खरा वेग निम्मा होतो: तुम्ही ५०० किलोबिट मागता, तारेवर २५० जाते. लिनक्सकडे हे ओळखण्याचे साधन नाही. लूपबॅकची चाचणी यातही उत्तीर्ण होते, कारण तेथे पाठवणारा आणि घेणारा एकच कंट्रोलर असतो आणि दोघांचे घड्याळ सारखेच चुकीचे असते. समोरच्या उपकरणाला मात्र फक्त चुकाच दिसतात. शंका असेल तर मुद्दाम निम्मा किंवा दुप्पट बिटरेट लावून पाहा. त्याने संवाद सुरू झाला तर दोष कोठे आहे हे निश्चित झाले. हेही ध्यानात ठेवा की ८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर हा कंट्रोलर एक मेगाबिटचा वेग गाठूच शकत नाही, तुम्ही काहीही लिहिले तरी.

यानंतर तुमची बफरची चूक. कॅनमध्ये फ्रेम पाठवणाऱ्याला बसवरील किमान एका दुसऱ्या उपकरणाने त्याच फ्रेमच्या पोचीच्या जागेत पोच द्यावी लागते. बसवर तुम्ही एकटेच असाल, किंवा दुसरे उपकरण वेगळ्या वेगावर असेल, तर पोच येत नाही. कंट्रोलर तीच फ्रेम पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, पाठवण्याच्या चुकांचा मोजक १२८ वर जातो आणि कंट्रोलर ‘एरर पॅसिव्ह’ या स्थितीत पोहोचतो. मागच्या फ्रेमा रांगेत साचतात. रांगेची लांबी सहसा दहा असते, ती भरली की ‘बफरमध्ये जागा नाही’ ही चूक येते. अनेक ठिकाणी रांगेची लांबी हजारावर न्या असा उपाय सुचवलेला आढळतो. तसे केल्यास चूक दिसायला उशीर होईल, एवढेच. फ्रेमा तरीही कोठेही पोहोचणार नाहीत. त्याऐवजी ‘आयपी लिंक शो’ ही आज्ञा तपशील आणि आकडेवारी दाखवणाऱ्या पर्यायांसह चालवा आणि स्थिती ‘एरर ॲक्टिव्ह’ आहे, ‘एरर पॅसिव्ह’ आहे की ‘बस ऑफ’, ते वाचा. बसवर एकटे असल्याने आलेली पोचीची चूक कंट्रोलरला ‘एरर पॅसिव्ह’च्या पुढे नेत नाही. ‘बस ऑफ’ दिसले तर संशय तारांच्या शॉर्टवर, उलट जोडणीवर किंवा चुकीच्या वेगावर घ्यावा.

तारांची तपासणी सोपी आहे आणि ती चुकवू नये. सगळ्या उपकरणांची वीज बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो यांच्यामधील रोध मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असायला हवा, म्हणजे मोजमाप ६० च्या आसपास येईल. १२० आले तर एका टोकाचा रोधक नाही. ४० आले तर तीन ठिकाणी लावलेले आहेत, आणि बहुधा मधल्या तुमच्याच बोर्डावरचा जंपर काढायचा राहिलेला आहे. वीज चालू केल्यावर, बस शांत असताना, दोन्ही तारांवर ग्राउंडच्या संदर्भात साधारण अडीच व्होल्ट दिसतात. दोन्ही उपकरणांचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले असावेत. बोर्डावर विलगीकरण (दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणारी रचना) असेल तर ट्रान्सीव्हरच्या बाजूचे ग्राउंड. चाचणीसाठी गाडीची बस वापरणार असाल तर प्रथम ‘लिसन ओन्ली’ या स्थितीत ऐकावे आणि वेग जुळल्याची खात्री होईपर्यंत एकही फ्रेम पाठवू नये. चुकीच्या वेगावर बोलणारे एक उपकरण बसवरील इतरांचा संवाद मोडू शकते, आणि गाडीत ती इतर उपकरणे म्हणजे इंजिन आणि ब्रेक यांची नियंत्रणे असतात.

हे सगळे झाल्यावरच तुमचा प्रोग्राम चालवा, आणि तोही आधी ‘कॅनडंप’ या फ्रेमा दाखवणाऱ्या आज्ञेमध्ये त्या व्यवस्थित दिसत असतील तरच. कॅनसाठी वेगळी एसपीआय लायब्ररी वापरण्याचे काही कारण नाही. २००८ मधील २.६.२५ या आवृत्तीपासून लिनक्समध्ये सॉकेटकॅन आहे, तिचा पाया फोक्सवॅगनच्या संशोधन विभागाने घातला, आणि त्यामुळे कॅनचा इंटरफेस हा इतर नेटवर्क इंटरफेससारखाच वापरता येतो. प्रोग्राम बिटरेट लावण्याचा प्रयत्न करत असेल तर ते काम त्याच्याकडून काढून घ्या; इंटरफेस वर आणणे हे सिस्टिमचे काम असावे. त्यासाठी सिस्टिमडी-नेटवर्कडीची एक छोटी नेटवर्क फाइल पुरते, जिच्यात इंटरफेसचे नाव, बिटरेट आणि ‘बस ऑफ’नंतर पुन्हा सुरू होण्याची मुदत एवढेच लिहायचे असते. बुकवर्ममध्ये बाकीचे नेटवर्क नेटवर्कमॅनेजर सांभाळतो. नेटवर्कडीच्या फाइलमध्ये फक्त ‘कॅन०’ हेच नाव लिहिले असेल तर दोघे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

उत्पादकाची स्क्रिप्ट पुन्हा चालवू नका. तिने स्वतःचा ड्रायव्हर कर्नलबाहेरून बांधून बसवला असेल तर पुढच्या कर्नल अपडेटनंतर तो बहुधा चालणार नाही, आणि तोपर्यंत तो मूळ ड्रायव्हरला झाकून ठेवण्याचीही शक्यता आहे. ‘मॉडइन्फो’ने ‘एमसीपी२५१एक्स’ची फाइल कोणत्या निर्देशिकेतून येते ते पाहा: कर्नलच्या स्वतःच्या ‘ड्रायव्हर्स’ शाखेतून येत असेल तर ठीक, ‘अपडेट्स’ किंवा ‘एक्स्ट्रा’मधून येत असेल तर तो बाहेरचा आहे. माझा सल्ला असा की कोऱ्या कार्डावर ओएसची ताजी प्रतिमा टाकून, वरच्या चार ओळींखेरीज काहीही न बदलता, ही तपासणी करावी. आठवडाभर साचलेले बदल एकेक करून उलगडण्यापेक्षा ते लवकर होते आणि निकाल निर्विवाद असतो.

हाच बोर्ड पुढे पाय ५ वर नेणार असाल तर दोन फरक लक्षात घ्या. पाय ५ मध्ये स्वतःचे घड्याळ आहे, त्यामुळे ‘आरटीसी०’ हे नाव त्याला मिळते आणि तुमचे डीएस३२३१ ‘आरटीसी१’ होऊ शकते. ‘एचडब्ल्यूक्लॉक’ला कोणते उपकरण वाचायचे ते स्पष्ट सांगावे लागेल. दुसरे, पाय ५ वरील जीपीआयओ पिना आरपी१ या वेगळ्या चिपकडून येतात, म्हणून जुनी ‘आरपीआय डॉट जीपीआयओ’ लायब्ररी तेथे चालत नाही. ओव्हरलेवर आधारलेले कॅन आणि घड्याळ यांना याने काही फरक पडत नाही. चाळीस पिनांचा हेडर असलेल्या इतर कंपन्यांच्या बोर्डांवर मात्र फक्त पिनांची मांडणी सारखी असते. आतले जीपीआयओ क्रमांक, बसची नावे आणि ओव्हरले वेगळे असतात, आणि पायसाठी तयार केलेली ओव्हरले फाइल तेथे लागू होत नाही. अशा बोर्डावर आधी त्याच्या कर्नलमध्ये एमसीपी२५१५ चा ड्रायव्हर आहे का ते पाहावे, मग त्या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये हेडरवरील एसपीआय कोणत्या नावाने आहे ते शोधावे, आणि मगच ओव्हरले लिहायला घ्यावा.

आणि नवा बोर्ड घ्यायचाच झाला तर एमसीपी२५१५ ऐवजी एमसीपी२५१८एफडी असलेला घ्या. एमसीपी२५१५ मध्ये येणाऱ्या फ्रेमांसाठी दोनच बफर आहेत. बस गजबजलेली असली आणि पाय दुसऱ्या कामात गुंतला, की फ्रेमा गळतात, आणि आकडेवारीत ओव्हररनचा आकडा वाढत जातो. एफडी कंट्रोलरमध्ये दोन किलोबाइटची मेमरी आहे आणि त्याचा ड्रायव्हर ५.१० या आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आहे. ५०० किलोबिटच्या, फार न गजबजलेल्या बसवर मात्र तुमचा सध्याचा बोर्ड पुरेसा आहे, त्यामुळे तो परत करण्यापूर्वी क्रिस्टलवरचा आकडा, इंटरप्टचा मोजक आणि तारांमधील रोध ही तीन मोजमापे लिहून पाठवा.